काचेला घाम, कॉम्प्रेसरला दम

पाऊस सुरू झाला की आमच्याकडच्या पत्रांचा सूरच बदलतो. मे महिन्यात सगळे विचारतात कूलिंग का येत नाही, आणि जुलै लागला की सगळे विचारतात पाणी कुठून येतंय. या वेळी काचेच्या दाराच्या फ्रीजरचेच प्रश्न घेतलेत, म्हणजे डेअरीत, आइस्क्रीमच्या दुकानात, बेकरीत असतो तो, बाहेरून माल दिसतो तो. मी उत्तर देतो ते हात काळे करणारा मेकॅनिक म्हणून, कुठल्या कंपनीचा माणूस म्हणून नाही, तेव्हा कुणाला लागलं तर लागू दे.

प्रश्न : काका, कोथरूडला आमची डेअरी आहे. उभा, दोन काचेच्या दारांचा फ्रीजर आहे. पाऊस लागला की दारांना इतका घाम येतो की खाली गोणपाट टाकून ठेवावं लागतं, आणि गिऱ्हाईकाला आतलं काही दिसतच नाही. मेकॅनिक म्हणाला गॅस कमी झालाय. भरून घेऊ का?

नका भरू. साधी गोष्ट बघा, गॅस कमी झाला असता तर काच एवढी गार पडलीच नसती, मग घाम उलट कमी आला असता ना.

घाम मशीनमधून येत नाही, तो तुमच्या दुकानातल्या हवेतून येतो. थंड ताकाच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं तेच हे. आता पुण्याची हवा बघा, एप्रिलमधे दुपारी ३८ अंश असलं तरी हवा कोरडी ठक्क, आर्द्रता वीसेक टक्के, अशा हवेतलं पाणी काचेवर बसायला काच ११ अंशाच्या आसपास गार व्हावी लागते. आणि ऑगस्टमधे २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की काच २३ अंशांवर आली तरी पाणी सुटतं, म्हणजे हवेपेक्षा फक्त दोन अंश गार! आत उणे १८ आहे हो, बाहेरची काच दोन अंशांनी गार पडणारच. म्हणून तर कंपनी काचेत आणि दाराच्या फ्रेममधे बारीक हीटर देते, फ्रीजरमधे हीटर हे ऐकून लोक हसतात पण तो त्याच्यासाठीच असतो, बाहेरची काच हवेइतकी कोमट ठेवायची म्हणजे घाम धरत नाही.

तर पहिलं काम, दार कोरडं पुसा, दहा मिनिटांनी फ्रेमवर तळहात ठेवा. किंचित कोमट लागायला पाहिजे. थंडगार लागली तर हीटरला करंट जात नाही. त्यातही आधी बघा की बंद कुणी केलाय का, कारण काही मशीनना हीटरचं वेगळं बटण असतं आणि उन्हाळ्यात लाइट बिल वाचवायला कुणीतरी ते बंद करतं, मग पाऊस आला तरी चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता दुकानात शिरल्या शिरल्या आधी बटणच बघतो. बटण चालू असूनही फ्रेम गार असेल तर बिजागरीपाशी वायर तुटलेली असते बहुतेक वेळा, दार दिवसातून दोनशे वेळा उघडलं की ती तिथेच पिळवटते.

दुसरं, घाम नक्की कुठे आहे ते बोटाने बघा. बाहेरून पुसला जातो का, आतून पुसला जातो का, की कुठूनच पुसला जात नाही. बाहेरचा म्हणजे वर सांगितलं ते. आतला, दार उघडल्यावर येतो आणि बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत जातो, तो नॉर्मल आहे, त्याच्यामागे लागू नका. पण जातच नसेल तर दाराचं रबर हवा सोडतंय. दहाची नोट घ्या, दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथे रबर बसत नाहीये, असं चारही बाजूंनी, विशेषतः खालच्या कोपऱ्यात, करून बघा. लगेच नवीन रबर आणायला धावायची गरज नाही, आधी कोमट पाण्यात साबण घालून पन्हाळीतली घाण काढा (दुधाचे डाग, साखर, मुंग्या, सगळं निघतं तिथे), आणि रबर चपटं झालं असेल तर हेअर ड्रायरने हलकं गरम करून हाताने फुगवून दार बंद ठेवा, पुष्कळदा जागेवर येतं. फाटलंच असेल तर मात्र बदलाच, सेलोटेप लावलेली मशीन बघितली की मला वाईट वाटतं.

आणि दोन काचांच्या मधे धुकं असेल, जे कुठूनच पुसता येत नाही, तर काचेचं सील गेलं. आत ओल शोषणारे दाणे असतात ते भरले, आता ती काच पूर्ण बदलायची, भोक पाडून सुकवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि पाठवा.

एक राहिलंच, काचेवर कडकडीत गरम पाणी कधी ओतू नका. गार काच तडकते. मऊ फडकं, कोमट साबणपाणी, बास.

प्रश्न : सिंहगड रोडला आइस्क्रीम पार्लर आहे. तीन वर्षं झाली, दर एप्रिलला कूलिंग कमी होतं, दर एप्रिलला गॅस भरतो, दोन-तीन महिने चालतं. मशीनच खराब आहे का?

भाऊ, मला आधी सांगा, आधीचा गॅस गेला कुठे?

हा एक प्रश्न जरी तुम्ही मेकॅनिकला विचारला असता ना तरी दोन एप्रिल वाचले असते. फ्रीजरमधला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, संपत नाही. सगळी पाइप झाळून बंद केलेली असते, तोच गॅस फिरत राहतो, वर्षानुवर्षं. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. आणि लीक असता तर तो बरोबर एप्रिलचं कॅलेंडर बघून कशाला आला असता?

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. एप्रिलमधे बाहेरची हवा तापते, आणि तुमच्या मशीनच्या मागे किंवा खाली जी जाळी आहे, कंडेन्सर, तिने आतली उष्णता ह्या तापलेल्या हवेत फेकायची असते. तिच्यावर रस्त्याची धूळ, कोन ठेवायच्या खोक्यांचा पुठ्ठ्याचा भुसा, केस, असा गालिचाच बसलेला असणार. डिसेंबरात हवा गार म्हणून धकून जातं, एप्रिलमधे दम लागतो. कॉम्प्रेसर तापतो, त्याला जळण्यापासून वाचवणारा ओव्हरलोड स्विच त्याला बंद करतो, टक् आवाज येतो, थोड्या वेळाने परत चालू, परत टक्. कूलिंग नाही. मग मेकॅनिक येतो, मशीन भिंतीपासून ओढतो, जाळीवर ब्लोअर मारतो, आणि वर गॅस भरतो. कूलिंग येतं. तुम्हाला वाटतं गॅसने आलं. अहो ब्लोअरने आलं!

हे मी छातीठोक सांगतो कारण मी स्वतः हीच चूक केलीय, शिकाऊ नव्हतो तेव्हा, चांगला सहा-सात वर्षं कामाला होतो. लक्ष्मी रोडला एका कोल्ड्रिंकवाल्याच्या मशीनला मी एका उन्हाळ्यात तीनदा गॅस मारला. शेजारी कापडाचं दुकान, सगळं सूत उडून त्याच्या जाळीत, मी पुढून बघायचो तर जाळी स्वच्छ, मागच्या अंगाला वाकळ झालेली. जादा गॅस पडला की प्रेशर वाढतं, अँपिअर वाढतो, तरी मी भरतोय. शेवटी कॉम्प्रेसर गेला. तो माणूस काही बोलला नाही, नवीन कॉम्प्रेसरचे पैसे दिले त्याने, मला अजून आठवलं की कसंसंच होतं.

तर करायचं काय. मशीन बंद, प्लग काढा, खालची ग्रिल उघडा, आणि मऊ ब्रशने पत्र्यांच्या उभ्या रेषेतच झाडा, आडवं घासलंत की ते पातळ पत्रे वाकतात आणि हवा कायमची अडते. मग व्हॅक्यूम किंवा ब्लोअर, आतून बाहेर. बेकरी, भजी तळायचं दुकान, रस्त्याकडेचं दुकान असेल तर महिन्याला, नाहीतर दोन-तीन महिन्यांनी. तेलकट थर असेल तर ते ब्रशने निघत नाही, त्याला कॉइल क्लीनर लागतो, ते मेकॅनिककडूनच करा. कंडेन्सरचा फॅन हाताने फिरवून बघा, मोकळा फिरतो का, की बेअरिंग घासतंय. मागे-बाजूला निदान वीतभर जागा सोडा, आणि वर खोकी रचू नका. पुण्यात दुकानाची जागा सोन्याच्या भावाची, मला कळतं, पण मशीनला श्वास पाहिजे.

एवढं करूनही कूलिंग नसेल आणि मेकॅनिकने खरंच लीक दाखवला, साबणाच्या पाण्याने फुगा दाखवला, तर गॅस जरूर भरा, पण पद्धतशीर. लीक झाळायचा, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा धरतो तो) नवीन, व्हॅक्यूम पंप लावून नीट व्हॅक्यूम, आणि मग मशीनच्या प्लेटवर लिहिलंय तेवढाच गॅस वजनकाट्यावर तोलून. अंदाजपंचे नाही. व्हॅक्यूम नीट झाला नाही तर आत ओल राहते, ती कॅपिलरीच्या, म्हणजे गॅस जिच्यातून जातो त्या केसासारख्या बारीक नळीच्या, तोंडाशी गोठते, मग मशीन तासभर चांगलं चालतं आणि बंद पडतं, बंद ठेवलं की बर्फ वितळतो आणि परत चालतं. ह्या भुताटकीने मालक आणि मेकॅनिक दोघं वेडे होतात.

प्रश्न : काका, मी कर्वेनगरला घरगुती फ्रोझन पदार्थ करते, मटार, उकडीचे मोदक, कोथिंबीर वडी. काचेच्या टॉपचा फ्रीजर घेतला. पण मटारावर बर्फाचा थर येतो, गोळे होतात, आणि मोदकाची पारी चिरते. सेटिंग उणे १८ च आहे.

ताई, तुमचं मशीन बरोबर काम करतंय, काम तुम्ही त्याला चुकीचं दिलंय.

काचेचा डिस्प्ले फ्रीजर हा *गोठवायला* नसतोच मुळी. आधीच गोठलेला माल गोठलेलाच राखायला असतो. त्याच्या कॉम्प्रेसरची ताकद तेवढीच धरलेली असते. तुम्ही त्यात दहा किलो कोमट मटार एकदम टाकले की ते गोठायला रात्र लागते, हळू गोठलं की आत मोठे मोठे बर्फाचे स्फटिक होतात, दाण्याची साल फाटते, पाणी सुटतं. वर आधीच्या मालाचंही तापमान चढतं, उतरतं, त्या चढउतारातच पाकिटात बर्फ धरतो आणि मोदकाची पारी कोरडी पडून चिरते.

गोठवायला पत्र्याच्या झाकणाचा साधा डीप फ्रीजर वेगळा घ्या, छोटा चालेल. मटार उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, पूर्ण निथळून, ताटात एका थरात पसरून आधी त्यात गोठवा. दगडासारखे झाले की पाकीट, हवा काढून, आणि मग काचेच्या मशीनमधे. मोदक पण आधी सुटे गोठवायचे, मग डब्यात बंद. आत एक रेघ मारलेली असते, लोड लाइन, तिच्या वर माल गेला की वरचा माल उणे १८ ला कधीच नसतो.

आणि डिस्प्लेवर उणे १८ दिसतं म्हणजे मटार उणे १८ आहेत असं नाही हां, तो आकडा सेन्सरच्या जागेचा असतो. एक साधा थर्मामीटर पाकिटांच्या मधे खुपसून ठेवा आणि रोज वहीत लिहा. फूड सेफ्टीच्या नियमात फ्रोझन माल उणे १८ किंवा त्याखाली पाहिजे असं आहे, तुम्ही विकताय, तर वही उपयोगी पडेल.

प्रश्न : हडपसरला बेकरी आहे. फ्रीजरला चार बोटं बर्फ झाला होता, पोराने स्क्रूड्रायव्हरने काढायला घेतला आणि फुस्स आवाज आला. आता कूलिंग नाही. काय करू?

फुस्स म्हणजे पाइपला भोक. हा झाला खरा लीक, अभिनंदन.

पण गंमत बाजूला. आधी मशीनची प्लेट बघा. आर-२९० लिहिलं असेल तर तो प्रोपेन आहे, म्हणजे आपल्या सिलिंडरचाच भाऊ, आणि ह्यात घरच्या सिलिंडरसारखा वास बहुधा घातलेला नसतो. छोट्या मशीनमधे तो दीडशे ग्रॅमच्या आतच असतो पण बंद जागेत तेवढाही पुरतो. तेव्हा परत असं झालं तर पहिल्यांदा शटर-खिडक्या उघडायच्या, बेकरीची भट्टी, शेगडी विझवायची, मशीनजवळचं कुठलंही बटण दाबायचं नाही, लाइट बंद करायची ती लांबच्या एमसीबीवरून. आणि दुरुस्तीला असा माणूस बोलवा ज्याने आर-२९० चं काम केलंय. नुसता टॉर्च पेटवून झाळायला बसणारा नको. त्या मशीनमधे दुसराच गॅस मारून देतो म्हणाला तर त्यालाही नको, कॉम्प्रेसर, कॅपिलरी सगळं त्या एका गॅससाठी बनवलेलं असतं.

भोक ॲल्युमिनियमच्या पाइपला असेल तर दुरुस्ती टिकणं नशिबावर, तांब्याला असेल तर टिकते. पुढच्या वेळी बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की माल दुसरीकडे हलवा, मशीन बंद, दार उघडं, समोर टेबल फॅन. दोन-तीन तासांत आपोआप सुटतो. घाई असेल तर प्लॅस्टिकचा उलथना. लोखंड आत न्यायचं नाही, विषय संपला.

प्रश्न : धायरीत दुकान आहे. लाइट सारखी जाते-येते, गुरुवारी तर मेंटेनन्सला तासन् तास नसते. स्टॅबिलायझर लावावा का? आणि लाइट गेल्यावर माल कसा वाचवायचा?

लावा, पण घेताना एकच गोष्ट बघा, टाइम डिले आहे का. तीनेक मिनिटांचा, म्हणजे लाइट आल्यावर तेवढं थांबून मग मशीनला देणारा. कॉम्प्रेसर बंद पडला की एका बाजूला प्रेशर जास्त, एका बाजूला कमी असतं, ते बारीक कॅपिलरीतून सारखं व्हायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात लाइट आली की कॉम्प्रेसर त्या प्रेशरविरुद्ध उठायला बघतो, उठत नाही, चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट ओढतो. असं दिवसातून दहादा झालं की कॉम्प्रेसर उठवणारा रिले जळतो, मग कपॅसिटर, मग मोटरचं वाइंडिंग. लाइट गेली की प्लग काढून ठेवणारे जुने दुकानदार असायचे ना, ते वेडे नव्हते.

अर्थिंग तपासून घ्या, प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटला थेट, एक्स्टेंशन बोर्डावर नको, त्याच्यावर मोबाइल चार्जर आणि वजनकाटा पण लावलेला असतो नेहमी.

लाइट गेल्यावर दार उघडायचं नाही. काच पत्र्याच्या दारापेक्षा खूप लवकर गारवा सोडते, म्हणून काचेवर गोधडी टाका, खरंच, दोन पदरी, आणि लाइट आली की आठवणीने काढा. मशीन गच्च भरलेलं असेल तर जास्त टिकतं, अर्धं रिकामं असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा. आइस्क्रीम एकदा पातळ झालं तर परत गोठवून विकू नका, गिऱ्हाईकाला पहिल्या चमच्यातच खडा लागतो.

प्रश्न : बंद पडलेल्या हॉटेलातून काचेच्या दाराचा फ्रीजर स्वस्तात मिळाला, त्यात कुल्फी ठेवली तर रात्रीत पाणी. थर्मोस्टॅट फुल केलाय. – मंगळवार पेठ

भाऊ, तो फ्रीजर नाहीये. तो विसी कूलर आहे, कोल्ड्रिंकचा. त्याची झेप अधिक २ ते ८ अंश, थर्मोस्टॅट कितीही पिळलात तरी कुल्फी नाही जमायची. ताक ठेवा, लस्सी ठेवा, दही ठेवा. पुढच्या वेळी जुनं मशीन घेताना प्लेट वाचा, आणि चालू करून दोन तास तिथेच बसा, आधीच गार करून दाखवलेलं मशीन घेऊ नका. ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही, या वर्षातलेच तिसरे.

प्रश्न : नवीन मशीन आहे, दिवसातून तीन-चार वेळा आकडा जाऊन 'डीईएफ' असं येतं आणि आत फॅन बंद पडतो. बिघडलंय का? खाली बर्फाची लादी पण झालीय. – वारजे

डीईएफ म्हणजे डीफ्रॉस्ट, आतला हीटर लागून कॉइलवरचा बर्फ वितळतो तेव्हा फॅन मुद्दाम थांबतो, पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप जातं. घाबरून बंद-चालू करत बसू नका. लादी मात्र नॉर्मल नाही. ते वितळलेलं पाणी नळीतून बाहेर ट्रेमधे जायला पाहिजे, नळी तुंबलीय किंवा नळीचा हीटर गेलाय. मशीन नवीन आहे तर वॉरंटीत बोलवा, स्वतः तार घालू नका. आणि एकदा लेव्हल बघा, पुढचे पाय किंचित वर पाहिजेत, पाणी मागे जातं आणि दारही आपलं आपण लागतं.

प्रश्न : रविवार पेठेत किराणा दुकान आहे. उंदरांनी फ्रीजरच्या वायरी दोनदा कुरतडल्या. डांबरगोळ्या टाकल्या तर चालतील?

डांबरगोळ्या नको, वास श्रीखंडात जाईल. कॉम्प्रेसरची जागा उबदार असते म्हणून उंदीर आणि झुरळं तिथेच संसार थाटतात, झुरळांनी कंट्रोलरची प्लेट शॉर्ट केलेली मी पाहिलीय. वायरींवर लवचीक पाइप चढवून घ्या, खाली भोकं असतील तिथे बारीक लोखंडी जाळी मारा, पण जाळी हवेच्या वाटेवर नको. खाली सांडलेलं धान्य रोज झाडा. मांजर पाळायचा विचार असेल तर पाळा, फक्त तिला ग्रिलपाशी झोपू देऊ नका, एका दुकानात मी कंडेन्सरमधून मूठभर मांजराचे केस काढलेत आणि मालक म्हणत होता गॅस कमी झालाय.